झाकलेलं वाळवण

आगोट हा शब्द आमच्या घरात नव्हता. आम्ही डोंबिवलीचे, दोन खोल्या आणि एक गॅलरीवाले. आमच्याकडे पावसाळ्याची 'बेगमी' असायची. तांदळाला एरंडेल चोळून डब्यात भरायचं, तिखट बरणीत दाबायचं, गच्चीवर कुरडया नि सांडगे घालायचे, की झाली बेगमी. आगोट हा शब्द मला खाडीकाठच्या काशीमावशीनं दिला, आणि शब्दाबरोबर एक वासही दिला. दहा वर्षं होत आली, तो नाकातून जात नाही. वैशाख लागला आणि दुपारचा वारा फिरला की मला सुकत घातलेल्या जवळ्याचा वास येतो. खरं म्हणजे आता खाडी आणि आमच्या घराच्या मध्ये इतक्या इमारती उभ्या राहिल्यात की तिकडचा वारा इकडे यायला जिना चढून उतरावा लागेल. तरी वास येतो. यंदाही आला. मी गच्चीवर कुरडया उलटत होते, आणि हातातलं काम टाकून तशीच उभी राहिले.

जवळा म्हणजे करंगळीच्या नखाएवढी कोळंबी. ओली असते तेव्हा राखाडी दिसते, सुकली की फिकट गुलाबी होते आणि हातात घेतली तर कागदासारखी वाजते. हे ज्ञान माझ्यासारख्या वरणभात खाऊन वाढलेल्या मुलीला असायचं कारण नव्हतं. ते मला आलं ते सबनीस सरांमुळे.

सर आमचे भूगोलाचे. शाळेतून निवृत्त झाले आणि कधी नव्हे एवढे कामाला लागले. गॅलरीत पर्जन्यमापक होता, भिंतीवर तापमापक होता, आणि खाडीवरच्या जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांवर त्यांनी तेलरंगाच्या डब्यातून रेघा मारून ठेवल्या होत्या. उधाणाची भरती कुठवर चढली ते दर पौर्णिमा-अमावास्येला जाऊन बघायचे आणि वहीत उतरवायचे. पृथ्वी तापते आहे, समुद्र चढतो आहे, पाऊस आपलं वेळापत्रक विसरणार आहे, असं ते तेव्हा सांगत होते. नव्वद साल उजाडायच्या आसपासची गोष्ट ही. तेव्हा असं बोलणाऱ्या माणसाकडे लोक प्रेमानं बघायचे आणि घड्याळाकडेही बघायचे.

"मोठ्या कारखान्यांना इंजिनियर आहेत," सर म्हणायचे. "पाणी चढलं तर ते भिंत बांधतील. ज्यांचा धंदा अंगणात आहे त्यांना कोण सांगणार?" मग कोण सांगणार याचं उत्तर म्हणून ते आमच्याकडे बघायचे. आमच्याकडे म्हणजे खरं तर माझ्याकडे. बाकीचे दोघे-तिघे माजी विद्यार्थी आठवड्याभरात नोकऱ्यांना लागले किंवा लागल्याचं सांगते झाले. मी बी.ए. होऊन बँकेच्या परीक्षांचे निकाल बघत घरी बसले होते. मला निमित्त नव्हतं.

तर त्या उन्हाळ्यात मी छत्री घेऊन, उन्हासाठी, छोट्या धंदेवाल्यांची दारं हिंडले. कल्याणला शांतिलालभाईंची मिरची कांडायची गिरणी होती. आत पाऊल टाकलं की आधी सात शिंका, मग नमस्कार. खाडीचं पाणी त्यांच्या गिरणीत दोन-चार वर्षांनी एकदा यायचंच. मी सांगितलं, पोती जमिनीवर ठेवू नका, फळ्यांचा माळा करून घ्या, मोटर वर उचला. शांतिलालभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बेन," ते म्हणाले, "पानी दर वेळेला येते. आपन पन दर वेळेला हितेच असते." मग त्यांनी मोठ्या अभिमानानं भिंतीवरचा देवीचा फोटो दाखवला. दर पुरानंतर त्यांनी तो हातभर वर घेतला होता. जुन्या खिळ्यांची भोकं एकाखाली एक ओळीनं दिसत होती आणि देवी आता छताला टेकायला आली होती. पाणी किती चढतंय याची एवढी चोख नोंद सरांच्या वहीतही नव्हती. खाली मिरच्यांची पोती होती तिथेच होती.

आमच्याच गल्लीत पापडांचा घरगुती उद्योग चालवणाऱ्या वहिनी होत्या. त्यांना मी ऊन वाढणार आहे असं सांगितलं. "अगं, मग चांगलंच की," त्या म्हणाल्या. "पापड लवकर वाळतील." यावर काय बोलणार, कपाळ? मी त्यांनी दिलेला भाजका पापड खाल्ला आणि घरी आले.

असे नकार मला त्या वयात फार लागायचे नाहीत. उलट संध्याकाळी सरांना नकला करून दाखवण्यात मजा यायची. सर हसायचे आणि मग म्हणायचे, "उद्या परत जा." मला तेव्हा वाटायचं, लोकांना कळत नाही म्हणून ते ऐकत नाहीत; कळलं की ऐकतील. किती सोपं वाटत होतं सगळं!

काशीमावशीला मात्र कळत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. खाडीला लागून कोळ्यांची वीसेक घरं, त्यातलं तिचं अगदी पाण्याकडचं. नवरा होडीवर जायचा तो गेल्यावर होडी विकली, आणि मासळी सुकवून विकायचा आईचा धंदा तिनं पुढे चालवला. घर आणि खाडी यांच्या मध्ये तिचं खळं होतं. चोपून गुळगुळीत केलेली जमीन, त्यावर जुनी जाळी पसरलेली, जाळ्यांवर जवळा. पलीकडे बांबूंना बांधलेल्या दोरांवर बोंबील एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून लटकत असायचे. ती उकिडवी बसून जवळा हातानं उलटत पुढे सरकायची, एका ओळीत, न थांबता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पदर नाकाला लावला होता. तिनं वर न बघताच विचारलं, "वास येतंय? मंग लांब उबी रा. मासली काय तुना बघून फुलं व्हनार नाय."

मी पदर काढला. नंतरही कधी लावला नाही, एवढं एक मी तिच्या बाबतीत बरं वागले. घरी मात्र आई मला बाहेरच्या बाहेर मोरीत पाठवायची आणि डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू द्यायची नाही.

तिनं मला आगोट सांगितली. पावसाळ्याचे चार महिने होड्या बंद, रस्ते चिखलात, तेव्हा माणसानं खायचं काय? म्हणून वैशाखात सुकं भरून ठेवायचं, ती आगोट. खडवली, आंबिवलीकडची माणसं वैशाख सरताना कल्याणच्या बाजारात यायची. येताना नव्या तांदळाची, वालांची पुरचुंडी आणायची आणि जाताना काशीमावशीकडून घराला पुरेल एवढा जवळा न्यायची. तिच्या आईपासूनची ही गिऱ्हाइकं. बाजारातली दगडी पायऱ्यांच्या बाजूची बसायची जागाही आईचीच. बाजारात तेव्हा गुजरातेतून ट्रकनं सुकं यायला लागलं होतं, पोत्यांत, वर्षभर. व्यापारी अशा बायकांच्या जागांवर टपलेले. "एक आगोट चुकली का गिऱ्हाईक गेलं," ती म्हणायची. "गिऱ्हाईक गेलं का जागा गेली. मंग मी कोन?"

सरांच्या वहीतले आकडे मी तिला वाचून दाखवले तेव्हा ती हसली. "पानी वर आयलंय ते मना सांगतंस? माज्या आयच्या वक्ताला त्या दगडाला होड्या बांदायचे. आता तो दगड दिसतंय का बघ." दगड दिसत नव्हता. पाऊस वेळ चुकतो हेही तिला ठाऊक होतं. गेल्या साली वैशाखात एक सर येऊन अर्धं वाळवण भिजवून गेली होती. तरी ती वाळवण झाकायला तयार नव्हती. त्या वस्तीचा तसा नेमच होता. मृग नक्षत्र निघाल्याशिवाय घराला झड, म्हणजे झावळ्यांचा आडोसा, बांधायची नाही, वाळवणावर छप्पर धरायचं नाही. आधीच झाकलं म्हणजे पावसाला आवतण दिल्यासारखं. मिरगाच्या आधी सगळं उघडं, वाऱ्यावर आणि खाडीच्या मर्जीवर.

मी दोन वैशाख तिच्याकडे जात राहिले. ती ऐकायची, चहा द्यायची, मला 'मास्तरीन' म्हणून चिडवायची आणि जवळा उघडाच ठेवायची. तिसऱ्या वैशाखात मी गेले तर ती पायरीवर बसली होती. म्हणाली, "तुजा तो मास्तर कागदावर काय काडून देतंय ते आन."

काय आनंद झाला होता मला! सरांनी आलेखाच्या कागदावर माचाचं चित्र काढलं. कमरेएवढा उंच बांबूचा माच, खालून भरतीचं पाणी गेलं तरी चालेल असा. वर निळ्या प्लॅस्टिकचं उतरतं छप्पर. बाजू गुंडाळून ठेवायच्या, लागतील तेव्हा सोडायच्या. तिच्या दिरानं दोन दिवसांत माच बांधला. शेजारच्या बायका कमरेवर हात ठेवून बघायला आल्या. "काशे, पावसाला आवतन दिलंस काय गो?" हिराबाई नावाची एक होती, तिचं खळं लागूनच. काशीमावशी म्हणाली, "मास्तरीन बोललीय." एवढंच. मी तिथेच उभी होते, आणि मला वाटलं, आपण आता हिच्या बाजूचे झालो.

मग एके दिवशी मळभ आलं. आभाळ खाली उतरल्यासारखं, अंगाला चिकचिक, पान हलत नव्हतं. सर म्हणाले, आज-उद्यात नक्की कोसळणार. मी धावत खाडीवर गेले आणि तिला म्हटलं, बाजू सोड.

"बाजू सोरली तर वारा कसा लागंल?" तिनं विचारलं.

हा प्रश्न मला आज शब्दन् शब्द आठवतो. चाळीस वर्षं जवळा सुकवणारी बाई विचारत होती, आणि मी, जिनं जन्मात कुरडईपलीकडे काही वाळवलं नव्हतं, तिला सांगितलं, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

तिनं बाजू सोडल्या. मळभ तीन दिवस राहिलं. मी रोज जाऊन सांगत होते, अजून उघडू नकोस. पाऊस आलाच नाही. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तिनं प्लॅस्टिक वर केलं, आणि मी दोन पावलं मागे सरले. तो वेगळाच वास होता. आत घाम धरून जवळा लाल, चिकट, मऊ पडला होता. हिराबाईच्या खळ्यावर उघड्यावर टाकलेला मात्र सुंदर गुलाबी सुकला होता, मळभातही खाडीवरून अधूनमधून येत होता तेवढा वारा पुरला त्याला.

पाट्या भरभरून काशीमावशीनं आपला नासलेला जवळा ओहोटीच्या पाण्यात सोडला. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "तू नको. तुजी साडी खराब व्हईल." त्या आठवड्यात खडवलीची माणसं आली तेव्हा तिनं त्यांना स्वतः हिराबाईच्या पाट्यांपाशी नेऊन उभं केलं. "औंदा हिच्याकरचा न्या. फुरच्या साली माज्याकरं या." माच मोडून त्याचे बांबू तिनं चुलीत घातले.

सरांनी वहीत लिहिलं: बाजूंना जाळी हवी, प्लॅस्टिक नको. ती सुधारणा अगदी बरोबर होती. पण आता ती कुणाला सांगायची?

मी सांगायला गेले नाही. आधी आठवडा गेला, मग पावसाळा, मग मला एका बँकेत नोकरी लागली. सगळ्यांना वाटलं मला वेळ मिळत नाही. वेळ होता. तोंड नव्हतं.

पुढच्या वैशाखात सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना बाहेर पडायची बंदी होती. त्यांनी कुणाकडून तरी लिहवून पोस्टकार्ड पाठवलं. पौर्णिमेचं उधाण आणि पावसाची लक्षणं या वेळी एकत्र दिसतात, दोन दिवसांत काशीबाईंकडे जाऊन ये, वाळवण घरात घ्यायला सांग. मी कार्ड दोनदा वाचलं. मनात म्हटलं, सरांचा अंदाज गेल्या वर्षीही नक्कीच होता. मग म्हटलं, तिच्या दारात परत उभं राहून तेच सांगायचं? शेजारणींसमोर? आणि परत नाही आला पाऊस तर?

खाडीवर न जाता मी काय केलं ते सांगते. मी गच्चीवर गेले आणि आमच्या कुरडया गोळा केल्या. शेजाऱ्यांचे सांडगे, वहिनींचे पापड, सगळं भराभरा चादरीत बांधून जिन्यात आणलं. इमारतीतल्या बायका हसत होत्या, आभाळ तर बरं दिसतंय की गं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. कसला पाऊस तो, जूनलाही लाजवणारा! आमच्या मजल्यावर माझं केवढं कौतुक झालं. वहिनींनी डबाभर पापड दिले. आई म्हणाली, बघा, भूगोल उपयोगी पडला.

खाडीवर वरून पाऊस आणि खालून भरती एकदमच आली. वस्तीतल्या सगळ्या खळ्यांवरचं वाळवण गेलं. काशीमावशीनं त्या वर्षी दुप्पट घातलं होतं, आदल्या सालची भरपाई म्हणून. हिराबाईला मुलगे होते, होडी होती, ती सावरली. काशीमावशीची ही सलग दुसरी आगोट चुकली.

हे मला सरांकडूनच कळलं. त्यांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्यांनी विचारलं, "तू गेली होतीस ना?"

मी म्हटलं, "हो."

सरांनी टेबलाचा खण उघडला. मग वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "लिही. सूचना वेळेवर दिली होती. मानली नाही." आणि मी लिहिलं. माझ्या हातानं, शाईच्या पेनानं, चांगल्या अक्षरात.

त्यानंतर सरांनी कुणाच्या दारात जाणं सोडलं. "लोक ऐकत नाहीत गं," ते म्हणायचे, रागानं नाही, थकून. त्यांच्या त्या समजुतीला आधार म्हणून जी काही उदाहरणं होती त्यात सगळ्यात मोठं काशीमावशीचं होतं. मी खरं सांगू शकले असते. दर भेटीत ठरवायचे, आणि दर भेटीत ते चहा मागवायचे, आणि मी चहा पिऊन यायचे. ते गेले तेव्हाही त्यांचा तोच समज होता.

आता वर्तमानपत्रांत या विषयावर पानं भरून लेख येतात. परिषदा होतात, मोठे देश करार करतात. ते वाचताना मला आनंद व्हायला हवा. पण मला वाटतं, शेवटी हे सगळं कुणाला तरी कुणाच्या तरी अंगणात जाऊन सांगावं लागणार, आणि सांगणारी माणसं माझ्यासारखी असणार. एकदा चुकणारी, आणि चुकल्यावर लाजून घरी बसणारी. पाणी लाजत नाही. धक्क्यावरच्या सरांच्या रेघा केव्हाच बुडाल्या. भर टाकून खळी बुजवली, तिथे आता इमारतीचे खांब उभे आहेत. त्या इमारतीचं तळघर पहिल्याच पावसात भरलं म्हणे. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही.

परवा, तो वास आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी कल्याणला गेले. बाजारात दगडी पायऱ्यांच्या बाजूला एका व्यापाऱ्याचं दुकान झालंय, सुक्या मासळीचंच. गुजरातेतली पोती थप्पीला लावलेली. दाराशी एक म्हातारी बाई बसून त्यातला जवळा चाळत होती, खडे वेचत होती. पगारावर. काशीमावशीनं मला लगेच ओळखलं.

"मास्तरीन," ती म्हणाली. "जाडी झालीस."

मी तिच्याजवळ फळीवर टेकले. तिनं माझ्या पोराबाळांची चौकशी केली, सर गेल्याचं तिला कळलं होतं. मग ती चाळणीतला हात न थांबवता म्हणाली, "त्या साली तू आयली नायस."

"नाही आले."

"मी वाट बघली. आबाल बघलं तवा वाटला, येल आता धावत. दोन दिस वाट बघली."

माझ्या तोंडून नको तो प्रश्न गेला. इतकी वर्षं तोच एक प्रश्न मनात होता. "मी आले असते, तर घेतलं असतंस वाळवण आत?"

तिनं हात थांबवला. खरंच विचार केला, वर पायऱ्यांकडे बघत. मग म्हणाली, "नाय. नसता घेतला."

मला बरं वाटलं. क्षणभरच, पण छातीवरचं ओझं उतरावं तसं बरं वाटलं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर आलं असणार, कारण ती माझ्याकडेच बघत होती.

"पन तू यायला पायजे व्हतंस," ती म्हणाली, आणि पुढ्यातली चाळणी परत हलवायला लागली.